अकरा सह्यांचा अर्ज

गल्लीचे अर्ज माझ्याकडं आले ते माझ्या अक्षरामुळं. मी मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होते. फळ्यावर लिहून लिहून हात असा बसला होता, की कोऱ्या कागदावरही माझी ओळ कधी तिरकी जात नसे. लग्न होऊन कोल्हापुरातल्या त्या जुन्या पेठेत आले तेव्हा गल्लीत शिकलेली माणसं नव्हती असं नाही. पण कचेरीला लिहायचं म्हटलं की ती कचरायची. कुठल्या खात्याला लिहायचं, कुठल्या साहेबाला, ‘माननीय’ म्हणायचं की ‘मेहेरबान’, यावरच घोडं अडायचं. मला त्याची भीती नव्हती.

पहिला अर्ज दिव्याचा. तालमीसमोर खांब होता, पण त्याच्यावर दिवा नव्हता. खांब एका खात्याचा, दिवा दुसऱ्याचा, वीज तिसऱ्याची, आणि तिघंही एकमेकांकडं बोट दाखवायचे. मी तिघांना एकाच मजकुराचे तीन अर्ज लिहिले आणि प्रत्येकाच्या खाली उरलेल्या दोघांना ‘प्रत माहितीसाठी’ असं लिहून टाकलं. महिन्याभरात दिवा लागला. मग सार्वजनिक नळाच्या तोटीचा अर्ज, मग मोकाट डुकरांचा. गल्ली मला ‘आपल्या बाई’ म्हणायला लागली.

शाळा सुटली की कागदांची पिशवी घेऊन मी आमच्या भागाच्या कचेरीत जायची आणि या टेबलावरून त्या टेबलावर फिरायची. आलेल्या अर्जांवर आवकचा शिक्का मारायला एक वयस्कर कारकून होते. काळी टोपी घालायचे, कानावर पेन्सिल असायची. शिक्का मारण्याआधी ते माझा अर्ज हातभर लांब धरून बघायचे आणि म्हणायचे, “बाई, तुमचा कागद बाजूला टाकायला जिवावर येतंय बघा.” हे ऐकायला मला फार आवडायचं. एवढ्यासाठी कधीकधी काम नसतानाही मी तिकडून चक्कर मारून यायची.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर आमच्याकडं स्कूटर आली. आमचे हे उद्यमनगरात एका फौंड्रीत सुपरवायझर होते. नंबर लावून कैक वर्षं वाट बघितल्यावर ती मिळाली होती आणि गल्लीतली ती पहिलीच स्कूटर. तालमीतली पोरंसोरं, शेजारपाजारचे सगळे बघायला आले. अडचण एकच होती. आमचा उंबरा आणि रस्ता यांच्यामध्ये उघडं गटार होतं, स्कूटर आत घेता येत नव्हती. ह्यांनी एका रविवारी गवंडी बोलावला. गटारावर शहाबादी फरशी टाकून घेतली, कडेनं सिमेंट भरून चढायला उतार केला. फरशी दबू नये म्हणून गवंड्यानं खाली गटारातच विटांचा टेकू दिला, आणि उरलेला राडारोडा बाहेर न टाकता तिथंच आत सारला. मी चहाचा कप घेऊन दारात उभी होते. मी हे बघितलं. गटारावर काही बांधायचं तर परवानगीचा अर्ज द्यावा लागतो, हेही मला ठाऊक होतं. गल्लीभरचे अर्ज लिहिणाऱ्या बाईनं तेवढा एक अर्ज लिहिला नाही.

आमच्या गल्लीला झाडायला एक बाई यायची. चाळिशीची असेल. उंच, काटक, कासोटा घातलेली, हातात लांब दांड्याचा खराटा. सकाळी सातच्या ठोक्याला ती तालमीपाशी दिसायची आणि आधी गटार ओढायची, मग रस्ता. तोंडानं फटकळ होती. कुणी दारातून केर रस्त्यावर लोटला की गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात त्याचा उद्धार करायची. मी तिला ‘अगं’ म्हणायची, ती मला ‘बाई’. आदल्या दिवशीची भाकरी उरली तर मी तिला हाक मारायची. ती पदर पसरायची आणि मी वरून भाकरी टाकायची, हात लागणार नाही अशी. शाळेत त्याच दिवशी दहा वाजता मी मुलींना ‘सर्व माणसे समान आहेत’ यावर निबंध लिहायला देत असे. मला यात काही विसंगत वाटत नव्हतं, हे आता लिहिताना कसंतरीच होतं.

फरशी टाकल्यावर आठेक दिवसांनी ती दारात आली.

“बाई, ह्या फरशीखाली माझा खराटा जात न्हाय. आत इटा हायत. एक डाव मालकांस्नी सांगून उचलून घ्या.”

“सांगते,” मी म्हणाले.

ह्यांना मी सांगितलं. हे म्हणाले, “आता सिमेंट वाळलंय. पाणी जातंय ना? मग झालं.” मीही जास्त ताणलं नाही. स्कूटर आत येत होती, आणि अंगणात ती उभी असलेली मला आवडत होती.

दुसऱ्या वेळी तिनं सांगितलं ते चारचौघांत. जून सरत आला होता. नळावर बायका पाण्याला उभ्या होत्या, मीही होते. ती गटारातून काढलेला गाळ पाटीत भरत होती. ती तशीच वाकलेली असताना म्हणाली, “बाई, तुमच्या गाडीपायी एक दिस खालची घरं बुडत्यात बघा. मी सांगितलंतं तुम्हास्नी.”

नळावरच्या बायकांनी माना वळवल्या. एकीनं तोंडावर पदर घेतला, हसली असावी. ‘आपल्या बाईं’ना झाडूवालीनं चारचौघांत सुनावलं होतं. मी कळशी अर्धीच भरली आणि घरी आले. ती खरं बोलली हे माझ्या मनात आलंच नाही. ती मला बोलली, एवढंच डोक्यात फिरत राहिलं.

जुलैत चार दिवस सारखा पाऊस लागला. उताराच्या तळाशी पुस्तकं बांधणाऱ्या चाचांचं घर होतं. पुढच्या खोलीत कारखाना, मागं संसार. त्यांच्या वडिलांपासून तिथं हाच धंदा चाललेला. शाळांच्या ग्रंथालयांची फाटकी पुस्तकं त्यांच्याकडं यायची, आमच्या शाळेचीही. चाचा खळ लावून, कापडी पाठ चिकटवून ती अशी करून द्यायचे, की मुलींना ती नवी वाटायची. चौथ्या दिवशी सकाळी चाची डोक्यावर गोणपाट घेऊन माझ्या दारात आल्या. मागोमाग चाचा. त्यांच्या हातात आमच्याच शाळेचं एक पुस्तक होतं. ते फुगून दुप्पट झालं होतं आणि त्यातून काळं पाणी गळत होतं.

“बाई, गटार उलटं आलं घरात,” चाचा म्हणाले. “रात्रीत गुडघ्याएवढं. खालच्या थरातली सगळी पुस्तकं गेली. तुमच्या शाळेची बी. आता मोठ्या बाईंना मी काय तोंड दाखवू?”

चाची म्हणाल्या, “तुम्ही लिवा की कचेरीला. तुमचं लिवलेलं ऐकत्यात ते.”

मी त्यांना आत बसवलं, टॉवेल दिला, चहा टाकला. पाणी का उलटलं हे मला त्याच क्षणी कळलं होतं. त्याच वेळी सांगितलं असतं तर? चाचा चांगले माणूस होते. दोन गडी आणून फरशी काढली असती, पाणी ओसरलं असतं, माझं थोडं हसं झालं असतं आणि चार दिवसांत लोक विसरले असते. पण समोर भिजलेलं पुस्तक होतं, आणि मी होते ‘आपल्या बाई’. माझ्या तोंडून निघालं ते एवढंच : “लिहिते. आजच देते.”

हे कामावर जायला निघाले होते. मी आत जाऊन त्यांना हळूच विचारलं, काय लिहू? त्यांनी बूट घालता घालता सांगितलं, “सफाई होत नाही म्हणून लिही. कचेरीला तेवढंच कळतं.”

मग मी लिहिलं. ‘आमच्या गल्लीतील गटार नियमितपणे साफ केले जात नाही. परिणामी सांडपाणी तुंबून खालील बाजूच्या रहिवाशांच्या घरात शिरले असून त्यांचे अतोनात नुकसान झाले आहे.’ इथवर ह्यांचं. पुढचं वाक्य माझं. ते मला कुणी सुचवलं नव्हतं. ‘सदर सफाई कामगार स्त्रीस याबाबत विचारणा केली असता ती उद्धटपणे उत्तरे देते व काम करण्यास नकार देते.’ हे लिहिताना मला नळावरच्या बायका दिसत होत्या. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.

सह्यांसाठी मी घरोघर गेले. लोकांनी वाचलंही नाही. “बाईंनी लिव्हलंय म्हंजे बरोबरच असणार,” म्हणून सही करायचे. चाचांनी उर्दूत सही केली, चाचींनी अंगठा दिला. माझी धरून अकरा झाल्या. कारकुनांनी कागद लांब धरला, मान डोलावली आणि शिक्का मारला.

पुढच्याच आठवड्यात सात वाजता तालमीपाशी दुसराच माणूस उभा होता. खाली मान घालून, कुणाशी न बोलता झाडत होता. चौकशी केल्यावर कळलं, तिची बदली भाजी बाजारात झाली. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मला बरं वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू? दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा मोठी सर आली आणि चाचांच्या उंबऱ्यावरून पाणी आत गेलं.

आता लोक चिडले. मी आणखी तीन अर्ज लिहिले, भीत भीत. सफाई खात्यानं उत्तर दिलं : कामगार बदलला आहे, गटाराचा उतार चुकीचा असावा, बांधकाम खात्याशी संपर्क साधावा. बांधकाम खातं म्हणालं, गटारातून पाण्याची नळी गेल्यानं अडथळा आला असेल, पाणीपुरवठ्याकडं जावं. पाणीपुरवठ्यानं सांगितलं, आमची नळी रस्त्याच्या पलीकडून जाते. एरवी अशी उत्तरं आली की मला चेव यायचा. या वेळी प्रत्येक पाकीट फोडताना मला वाटायचं, यांनी असंच एकमेकांवर ढकलत राहावं, कुणी इकडं येऊ नये.

पण त्याच सुमाराला आमच्या भागाला एक नवे साहेब आले. तरुण होते. त्यांनी तिन्ही खात्यांचे कागद एकत्र मागवले आणि ठरवलं, की एका सकाळी सगळ्यांनी मिळून जागेवर जायचं आणि दोष सापडल्याशिवाय परतायचं नाही. ज्याची मी इतकी वर्षं मागणी करत होते ते घडत होतं. कारकुनांनी मला कौतुकानं सांगितलं, “बाई, तुमच्या अर्जामुळं साहेब स्वतः येणार हायत. असं कधी झालं न्हाय बघा.”

त्या सकाळी मी शाळेला रजा टाकली. साहेब, तिन्ही खात्यांचे तिघं आणि पहार घेतलेले दोन गडी आले. सगळी गल्ली गोळा झाली. ते खालून, चाचांच्या घरापासून, गटार तपासत वर यायला लागले. पाण्याची नळी बघितली, ठीक होती. उतार दोरी लावून मोजला, बरोबर होता. एक एक घर मागं पडत होतं आणि मी आमच्या दारात उभी होते. फरशीच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून हिरवं झालेलं, खालच्या अंगाला नुसता ओलावा. ते बघायला साहेब असायची गरजच नव्हती. इतके दिवस सगळ्यांनी ते बघितलं असणार. बाईंच्या दारात बोट दाखवायचं कुणी, म्हणून गप्प राहिले असणार.

मग पाणी खाली चाचांकडं कसं जायचं? तर तुंबलेलं गटार आमच्या दारापाशी फुटून रस्त्यावर यायचं आणि रस्त्याच्या उतारानं सरळ त्यांच्या उंबऱ्यात शिरायचं. चाचांना ते गटार उलटल्यासारखं वाटलं होतं, एवढंच.

“ही फरशी कुणाची?” साहेबांनी विचारलं.

मी म्हणाले, “आमची.”

गड्यांनी पहार घातली. फरशी एका बाजूनं उचलली गेली आणि खालच्या विटा दिसल्या. विटांना अडकून गाळ, चिंध्या, झाडपाला, राडारोडा यांची भिंत झाली होती. एका गड्यानं पहिली वीट ओढली आणि पाणी असं सुटलं, की मागं उभे होते ते बाजूला पळाले. पाच मिनिटांत गटार वाहायला लागलं. अकरा सह्या, चार अर्ज आणि तीन खाती. काम पाच मिनिटांचं.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना बहुधा सांगितलं असणार, की अर्ज लिहिणाऱ्या शिक्षिका याच. ते हळू आवाजात म्हणाले, “राहू द्या बाई, गवंडी लोक असंच करतात. तुम्हाला काय कल्पना? तेवढी फरशी पुन्हा टाकू नका म्हणजे झालं.” त्यांनी कागदावर ‘अडथळा दूर केला’ असं लिहिलं. दंड नाही, नोटीस नाही, काही नाही. त्यांनी चारचौघांत मला फैलावर घेतलं असतं तर मी आयुष्यभर त्यांचे उपकार मानले असते.

चाचा विटांकडं बघत होते. चाची माझ्याकडं. मी पुढं होऊन म्हणाले, “चाची, मला...” चाचींनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्या उतारानं खाली घरी गेल्या. त्या दिवसापासून त्या नळावर मला दिसल्या की बोलायच्या, विचारपूस करायच्या; पण दारात कधी आल्या नाहीत.

त्या झाडणाऱ्या बाईचं घर शोधायला मला पंधरा दिवस लागले. घर लांब नव्हतं, आमच्या गल्लीपासून दहा मिनिटांच्या वाटेवर सफाई कामगारांची वस्ती होती, तिथंच. पंधरा दिवस लागले ते पाय उचलायला. एका रविवारी दुपारी गेले. दारात उन्हाला खाट टाकलेली होती आणि तिच्यावर तिची सासू पडून होती, कमरेला फळ्या बांधलेल्या. ती आतून बाहेर आली. मला बघून ना चकित झाली, ना रागावली.

“अहो,” मी म्हणाले. माझ्या तोंडून तिला पहिल्यांदाच ‘अहो’ निघालं. “तुम्हाला भेटायला आले.”

“आता अहोजाहो कशाला, बाई?” ती म्हणाली. “बसा त्या दगडावर.”

मी बसले. सासूबाईंना काय झालं विचारलं. ती म्हणाली, “मागच्या महिन्यात खाटंवरनं पडली. तुमच्या गल्लीत हुते तवा अकराला घरी यून हिला उठवत हुते, बसवत हुते. आता बाजारातनं याला तीन वाजत्यात. एक दिस हिनंच उठाय बघितलं.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, मी विचारलं म्हणून सांगितलं, एवढंच.

मी म्हणाले, “चूक माझी होती. फरशी काढली. सगळ्यांसमोर निघाली.”

“कळलं मला.”

“तो अर्ज मी लिहिला होता.”

“ते बी ठावं हाय.” ती उंबऱ्यावर बसली. म्हणाली, “काय लिव्हलं हुतं? सांगा की. तुमास्नी पाठ असंल.”

मला पाठ होता. मी सांगायला सुरुवात केली. गटार नियमितपणे साफ केले जात नाही, सांडपाणी तुंबून घरात शिरले, रहिवाशांचे अतोनात नुकसान झाले... आणि तिथं मी थांबले. पुढचं वाक्य जिभेवर होतं. माफी मागायला मी तिच्या दारात बसले होते, समोर ती म्हातारी पडून होती, आणि तरी ते वाक्य मी गिळलं. म्हणाले, “एवढंच. मग सह्या.”

ती माझ्याकडं बघत राहिली.

“एवढंच?”

“हो.”

“बाई, मला मुकादमानं समदा कागद वाचून दावलाय,” ती म्हणाली. “उद्धट बोलती म्हनं मी. आनि कामाला न्हाय म्हनती. बावीस वर्सं झाडतीया, कुनी असं म्हनलं न्हाय. गाळ ऱ्हायला म्हना, उशीर झाला म्हना. पर कामाला न्हाय म्हनती?”

मी मान खाली घातली. कुठं बघावं कळेना. पायाशी एक कोंबडी टिपत होती, तिच्याकडं बघत राहिले. शेवटी मी म्हणाले, “तुम्हाला परत आमच्या गल्लीत आणायचा अर्ज करते. मी खटपट करते.”

“नगं,” ती लगेच म्हणाली. “तिकडं घाण लई हाय, पर मानसं तोंडावर बोलत्यात. तुमच्या गल्लीत न्हाय यायचं मला. त्या कागदावरनं माझ्या नोकरीच्या पुस्तकात शेरा बसलाय, तेवढा निघतोय का बगा. लेकीला माझ्या जागंवर लावायची हाय म्होरं. शेरा असला की आडवा येतोय.”

तिनं मला चहा विचारला नाही. आमच्या दारात ती कैक वर्षं येत होती. मीही कधी विचारला नव्हता.

घरी येऊन मी अर्ज लिहायला बसले. तीन कागद फाडले. चौथ्यावर सरळ लिहिलं : गटार तुंबण्याचे कारण अर्जदाराच्या घरासमोरील विनापरवाना फरशी हे होते, सदर कामगार स्त्रीने याची दोन वेळा पूर्वसूचना दिली होती, तिच्या वर्तनाविषयी केलेले विधान खोटे असून ते मी मागे घेत आहे. ह्यांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “शाळेत कळलं तर? आणि ‘खोटे’ कशाला? ‘गैरसमजातून’ लिही.” मी ‘खोटे’ ठेवलं. मी फार शूर होते म्हणून नव्हे. ‘गैरसमज’ लिहिलं असतं तर ते आणखी एक खोटं झालं असतं, आणि तेवढं माझ्यानं झालं नसतं.

पहिल्या अर्जावर अकरा सह्या होत्या, म्हणून यावरही त्या हव्यात असं मला वाटलं. पुन्हा घरोघर गेले. या वेळी प्रत्येकाला मी वाचून दाखवलं, शेवटच्या ओळीपर्यंत. गल्लीत एवढं मोठ्यानं मी कधी वाचलं नसेल. चौघांनी सही केली नाही. तालमीचे एक जुने पैलवान म्हणाले, “बाई, पहिली सही तुमच्या शब्दावर दिली. आता ही बी तुमच्याच शब्दावर द्यायची व्हय? तुमचं तुम्ही बघा.” एका घरात दार उघडून पुन्हा लावून घेतलं. चाचांनी कागद हातात घेतला, चष्मा लावून पुन्हा स्वतः वाचला, आणि उर्दूत सही केली. चाची आतच होत्या. चाचांनीच शाईची डबी आत नेली आणि अंगठा आणून दिला.

सात सह्या घेऊन मी कचेरीत गेले. कारकुनांनी नेहमीसारखा कागद लांब धरला. वाचता वाचता त्यांनी तो जवळ आणला. मग इकडंतिकडं बघून तो मला परत दिला.

“बाई, हे कशाला? मिटलंय की आता. साहेबांनी काय सुदिक केलं न्हाय तुम्हास्नी. हा फाडून टाका, मी बघितलाच न्हाय.”

“शिक्का मारा,” मी म्हणाले.

“अहो, पन...”

“शिक्का मारा, आणि नंबर द्या.”

त्यांनी शिक्का मारला. कानावरची पेन्सिल काढून नंबर लिहिला. अक्षराबद्दल ते काही बोलले नाहीत. नंतर कधीच बोलले नाहीत.

शेरा निघायला सहा-सात महिने गेले. दर पंधरवड्याला मी जायची, विचारायची, बाकावर बसायची. पूर्वी मला बघितल्यावर खुर्ची द्यायचे, आता शिपाई ‘बसा’ एवढंच म्हणायचा. ते योग्यच होतं. तक्रारीचा कागद आठवड्यात पोचला होता. हा कागद मात्र प्रत्येक टेबलावर थांबत होता. कुणाला घाई नव्हती, कारण यानं कुणाचं गटार वाहणार नव्हतं. शेवटी एके दिवशी कारकून म्हणाले, “झालं बाई. आदेश निघाला. शेरा काढलाय.”

गल्लीचे अर्ज त्यानंतर माझ्याकडं आले नाहीत. तालमीतला एक पदवीधर मुलगा लिहू लागला. अक्षर बरं नव्हतं त्याचं, पण कामं व्हायची. काही वर्षांनी आम्ही राजारामपुरीत राहायला गेलो.

आदेश निघाल्याचं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेच्या आधी, मी भाजी बाजारात गेले होते. तिला आपल्या तोंडानं सांगावं असं वाटत होतं. कोबीची पानं, सडके टोमॅटो, केळीचा पाला यांचे ढीग, त्यांच्यामध्ये ती खराटा घेऊन उभी, एका भाजीवालीशी हसून काहीतरी बोलत. मी कधी तिला हसताना बघितलं नव्हतं. मला बघून ती थांबली.

“शेरा निघाला,” मी म्हणाले.

“व्हय. मुकादम बोलला काल.” आणि मग, “लेकीचं नाव दिलंय मी.”

मला आणखी काहीतरी ऐकायचं होतं. काय, ते माझं मलाच सांगता आलं नसतं. मी तशीच उभी राहिले. तिनं जरा वाट बघितली, मग म्हणाली, “बाई, वाईच सरका. तुमच्या पायाखाली कचरा हाय.”

मी सरकले. ती झाडत पुढं गेली.

शाळेत पोचायला उशीर झाला, प्रार्थना होऊन गेली होती. मोठ्या बाईंनी विचारलं, “काय हो, आज उशीर?” मी म्हणाले, “बस चुकली.”